परतीचे डबे

सोळा डिसेंबरला मी माळ्यावरून डबे उतरवते.
दिवाळीत भरून आलेले,
घासून, वर्तमानपत्रावर उपडे घातलेले.
पाटणकरांचा चपटा,
जैनांचा उभा, त्यात अंडं लागलेलं काही चालत नाही,
त्यांची कढई वेगळी, झारासुद्धा वेगळा.
शबनमची शीरखुर्म्याची वाटी तर ईदपासून इथेच.
आणि खानोलकरांचा कडीचा,
त्याचं नंतर सांगते.

रिकामा डबा परत करत नाहीत.
दहा आज्ञांत हे कुठेच नाही,
पण लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात
सासूने मला जिन्यात थांबवून सांगितलं,
आणि एकतीस वर्षं झाली,
मी अजून त्या जिन्यात उभी आहे,
हातात डबा.

या वर्षी ठरवलं होतं, नाही करायचं.
गुडघ्याचा एक्सरे फ्रीजवर लावून ठेवला,
पाणी प्यायला येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा.
लोक पाणी पिऊन गेले.
रोवेना म्हणाली, मम्मी, ऑर्लेमहून मागव ना,
किलोवर मिळतं.
मागवलं. अर्धा किलो, नमुन्याला.
सगळी कुलकुलं एका मापाची,
प्रार्थनेला उभ्या केलेल्या पहिलीच्या वर्गासारखी.
आल्बानने चार खाल्ली, म्हणाला, चांगली आहेत.
चांगली आहेत!
रात्री अकरा वाजता मी मैदा चाळायला घेतला.

मग काय. रोज ऑफिसातून सुटून
मरोळ नाक्यावर नारळ, साजूक तूप, बेदाणे,
एका खांद्यावर पर्स, दुसऱ्यावर पाच किलो मैदा,
गावठाणाच्या गल्लीत शिरलं की
प्रत्येक खिडकीतून तोच तळणीचा वास,
आणि प्रत्येक खिडकीत माझ्यासारखीच एक,
मान वर न करता विचारणारी,
झालं का गो तुझं?

आल्बान दोन किलो डुकराचं आणतो
आणि पंख्याखाली बसतो, जणू शिकार करून आलाय.
कॅस्मीर दीर शिडीवर चढून चांदणी टांगतो.
शिडी धरायला सहा माणसं,
दिवा लागला की टाळ्या.
इंद्यालला, तीन दिवस मुरून आलेल्या त्या आंबट लाल रश्श्याला,
कोणी टाळ्या वाजवत नाही.
त्यात पोळी बुडवून गप्प होतात.
ते गप्प होणं मी बघते, खोटं कशाला बोलू,
दाराआडून बघते.

कुलकुलांसाठीचा कंगवा निराळा,
केसांना कधी न लागलेला, हिरवा.
त्याच्यावर पिठाची गोळी दाबून वळवायची.
तेवीस तारखेला सगळे टेबलाभोवती बसले,
रोवेनाची गोगलगायीसारखी, कॅस्मीरची निव्वळ गोळ्या,
मिसिसॉगाहून ग्रेटा फोनच्या पडद्यात,
तिथल्या काट्यावर वळून दाखवत होती एकच,
रडत होती की नेट अडकलं होतं, कळलं नाही.
कोणीतरी सासूची नक्कल केली,
मैद्याने पांढऱ्या झालेल्या हातांनी आम्ही पोट धरून हसलो.
नंतर सगळे झोपले.
टेबल मी पुसलं.

मिस्सा साडेनवाला. घरी येऊन फुगे.
पीठ चांगलं आलं असेल
तर तेलात फुगा आपणहून कूस बदलतो,
त्याला झारा लावावा लागत नाही.
पहिला पडला, थांबला, आणि वळला.
एकतीस वर्षांत दर वेळी मी त्या क्षणी श्वास धरते,
आणि दर वेळी वाटतं,
आपल्याला कोणी असं सोडलं असतं तर.
तेवढ्यात आल्बानने मागून विचारलं, किती राहिले?
मी म्हटलं, तू तळ.
तो आला. हात भाजून घेतला त्याने, पण सतरा तळले.

हां, खानोलकरांचा डबा.
त्यावर ठिपक्यांनी कोरलंय, सौ. विमल.
त्यांची चाळ पाडली त्याला तीन वर्षं झाली,
बदलापूरला गेल्या म्हणतात,
फोन लावला की कुणी परका माणूस उचलतो.
सगळ्यात आधी मी तोच भरते.
वर एक न्युरी, काठ न फुटलेली.
झाकण लावते, कडी अडकवते,
आणि तीन राजांच्या सणापर्यंत
येता-जाता आम्हीच तो रिकामा करतो.