उभा धागा

लग्नाच्या हॉलमध्ये केटरिंगवाला विचारतो,
"हे काय व्हय बाप्पा? मँडोलिन वाढली काय?"
मी म्हणतो, बुझुकी.
"बुजगावनं?"
आणि तो हसत रायत्याचं पातेलं घेऊन निघून जातो.

बरोबर बोलला. उभं राहायचं,
पीक दुसऱ्याचं.

पीक फिलोमिना रेमंडचं. मोहननगरची, रेल्वेच्या शाळेतून रिटायर,
हनुवटी आणि फिडल यांच्यामध्ये घामाचा रुमाल.
पीक गजेंद्र मौंदेकरचं, लाकडी आडवी बासरी,
सीझनमध्ये तोच बँडच्या लाल कोटात क्लॅरनेट फुंकतो.
निशिगंधा बोधरानच्या कातड्याला पाण्याचा हात लावते,
मे महिन्यात तो हात
उचलायच्या आधी वाळतो.

ते तिघं धून सांगतात.
जिग, सहा मात्रांची,
दादऱ्याची लांबची मावसबहीण.
रील, जिला श्वास घ्यायचं ठाऊक नाही.
मी फक्त सांगतो
जमीन कुठे आहे.

हे वाद्य मुळात त्या गावचं नव्हे.
ग्रीसची पोर, आयर्लंडला दिली.
तिथल्या लोकांनी पाठीचा घुमट सपाट केला,
तारा वेगळ्या लावल्या, बोली बदलली,
आता माहेरी गेली तर
माहेरच्यांना कळत नाही काय बोलते.
आणि आता गोळीबार चौकात
लोखंडी कपाटावर झोपते,
संक्रांतीच्या पतंगांच्या चक्रीशेजारी.

बापू कोष्टी. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून
चाळीस वर्षं करवतकाठी विणली.
धोट्याच्या खटखटीनं कान गेले, उरले ते हात.
म्हणायचे, बायका काठ पाहतात,
काठावरचे दात मोजतात,
ताण्याला कोण पाहते?
पण उभा धागा तुटला
तर काठ कशाला शिवशील रे, हवेला?
मी त्यांना बुझुकी दिली तेव्हा
वाजवून पाहिली नाही.
दोन-दोन तारांमधून नख फिरवलं,
म्हणाले, "जोडधागा. पण सारखा नाही ताणला."
नाहीच ताणत बापू.
केसभर फरक ठेवायचा असतो,
तोच चमकतो.

गेल्या वर्षी कोणीतरी रेकॉर्डिंग केलं.
बहिणीनं तीनदा ऐकलं, चौथ्यांदा हेडफोन लावून.
"तू कुठेशी आहे यात?"
मला सांगता येईना.
पण ज्या गुरुवारी मला नाइट ड्युटी होती
त्याबद्दल फिलोमिना म्हणाली होती,
"काल धून चालली नाही. नुसती पळाली."
हे बहिणीला सांगायचं राहिलं.

काल सेहेचाळीस.
फिलोमिनाच्या हॉलमध्ये कूलर, खसाचा वास,
आणि त्याची घरघर, जवळजवळ डी, किंचित खाली.
इतकी वर्षं आम्ही सगळे
त्यालाच सूर लावत आलो आहोत,
कबूल कोणी करत नाही.
तिसरी रील सुरू, दुसरी फेरी, आणि
लाइट गेली.

कूलर एक लांब उसासा टाकत खाली उतरला
तसा सगळ्या हॉलचाच तळ गेला.
गजेंद्रची बासरी अर्धी पायरी अडखळली,
निशिगंधाचा हात कातड्यावरच राहिला.
मी खालची जोडी मोकळी सोडली.
काही केलं नाही. वाजवत राहिलो तेच
जे मी रोज वाजवतो.
अंधारात पहिल्यांदा
मलाही ऐकू आलं.

"हां," फिलोमिना म्हणाली, गज न थांबवता,
"असंच. आता सोडू नको."

धून माझ्यावर येऊन बसली,
एक, मग दुसरी,
वीजतारेवर पोपट बसावेत तशी.
खिडकीखालून कोणीतरी ओरडलं,
"अबे लाइट गेली, आन हे वाजवून राह्यले!"

पंधरा मिनिटांनी लाइट आली.
कूलर सुरू झाला, भलत्याच सुरात.
आम्ही हसलो, पाणी प्यायलो.
त्या तिघांचं झालं लगेच.
मी अजून खुंट्या पिळत बसलो आहे.
आठ आहेत.