जानेवारीतलं पाणी

भात टाकण्याआधी एक मूठ वेगळी.
बिस्किटांच्या जुन्या डब्यात, ज्याचं झाकण
आता एकाच बाजूनं बसतं.
आई असंच करायची, सासूही.
हात आपोआप वळतो,
अंधारात दाराच्या कडीकडे वळावा तसा.

शनिवारी रेमपुई येते, पाठीवर टोपली,
चर्चसाठी घरोघरचे तांदूळ गोळा करत.
डबा उलटा करते, खालून थोपटते, म्हणते,
पी, तुमची मूठ लहान झाली का हो?
हात म्हातारा झाला गं, मी म्हणते.

हे आज्ञापालन सोपं आहे.
तांदूळ भांडत नाही.
तांदळाला शेजार नसतो.

मला आहे. बियाकवेली.
अकरा महिन्यांपूर्वी तिच्या डुकरानं
माझी मोहरी खाल्ली, मुळासकट,
आणि ती कुंपणापाशी उभी राहून हसली.
डुकराला मी क्षमा केली.
हसण्याला नाही.
रविवारी आम्ही एकाच बाकावर बसतो,
मध्ये दोन गीतपुस्तकं मावतील एवढी जागा.
पाळक दुसऱ्या गालाविषयी बोलले
तेव्हा मी तिचा गाल पाहिला.

आमचं गाव डोंगराच्या पाठीवर.
नदी इतकी खाली
की सकाळी फक्त तिचं धुकं दिसतं.
पत्र्यांवरून उतरलेला पावसाळा
आम्ही टाकीत झाकून ठेवतो
आणि एप्रिलपर्यंत मगानं मोजतो.
जानेवारीत कुणी कुणाला पाणी मागत नाही,
मीठ मागतात.

परवा रात्री ऐकू आलं. टप्.
मग टप्.
तिच्या टाकीचा नळ. आवाजावरून कळलं,
आतला वॉशर गेलाय.
मी कूस बदलली.
हिशेब केला : उजाडेपर्यंत दोन बादल्या.
आणि मला बरं वाटलं.
हे सांगून टाकते,
ज्याला ठाऊक आहे त्याच्यापासून
कशाला लपवायचं.

कुणी हाक मारली नाही.
उजेड पडला नाही, वचन आठवलं नाही.
पायांना गार फळ्या लागल्या
तेव्हा कळलं, मी उठले आहे.
जाताना खिळ्यावरची चिंधी घेतली,
म्हणजे थोडं ठरवलंही होतं म्हणायचं.

तिचा कुत्रा भुंकला नाही.
त्याला आमचं भांडण
कुणी सांगितलंच नव्हतं.
नळ बर्फासारखा. दोन्ही हातांनी पिळला,
थांबेना.
चिंधी गुंडाळली, पुन्हा पिळला,
मनगटात कळ आली.
मग खालच्या वस्तीत कुणाचं तरी मूल
खोकलं, ते स्पष्ट ऐकू आलं.

परत आले. प्रार्थना केली नाही,
दात वाजत होते.
मन मऊ झालं म्हणावं तर तेही नाही;
तिच्या खिडकीखालून जाताना
ते हसणं आठवलंच.

सकाळी तिनं चिंधी पाहिली.
निळी, माझ्या जुन्या पडद्याची.
तसा पडदा गावात दुसरा नाही.
मी चुलीआडून बघत होते.
बादली घेऊन ती बराच वेळ उभी राहिली,
माझ्या दाराकडे एकदा पाहिलं,
आणि आत गेली.
काही बोलली नाही. मीही नाही.
चिंधी मात्र सोडली नाही तिनं.

वॉशर चंफाईला मिळतो, गाडी बुधवारी.
चिंधी तोवर टिकायची नाही,
कालच रात्री एकदा उठावं लागलं,
आज दोनदा लागेल.
पायमोजे उशाशी ठेवलेत.

तांदूळ धुतले.
धुवण नव्या मोहरीला घातलं.
चुलीवर आधण ठेवल्यावर
मूठ काढली का, आठवेना.
डबा उघडून पाहिला.
काढली होती.