पान तिसरं

विडी घरकुल. दुपारचा दीड.
पत्रा तापून कुरकुरायला लागलेला.
राजमणी चिट्याल सूप मांडीवर घेऊन
तेंदूची पानं फर्म्यावर ठेवून कापते, एकाच मापाची,
आणि मी तिच्यासमोर संमतीपत्र वाचते.
चार पानं. तीही मापातलीच.

"संशोधन म्हणजे?" हात न थांबवता तिनं विचारलं.
"शोध घ्यायचा."
"काय हरवलंय तुमचं?"

प्रशिक्षणात याचं उत्तर दिलं नव्हतं.
म्हटलं, बघा, आठवीच्या वर्गात पस्तीस मुली असतात,
बारावी सायन्सला तीन उरतात.
मधल्या कुठं जातात, ते शोधतोय.

दोऱ्याचे दोन वेढे. नखानं तोंड मुडपलं.
विडी सुपात.
"मग विचारायचं की. मी हितंच आहे."

मी पुढचं कलम घेतलं.
नजर कागदावर ठेवून वाचणं मला जमतं.

मानसा आत हंडे भरत होती,
शाळेच्या स्कर्टवर भावाचा शर्ट.
पाणी चार दिवसांनी आलेलं, त्यामुळे
माझ्या प्रत्येक वाक्यामागं नळ.
शनिवारी वर्ग, मी वाचलं, बॅटरी, मोटर, थोडं कोडिंग,
चालणारा छोटा रोबो मुली स्वतः बनवतील.
अर्ध्या शाळांत. अर्ध्यांत नाही.
चिठ्ठ्या टाकून ठरलं. तुमची शाळा दुसऱ्या गटात.
तिथं फक्त चाचण्या, दोन वर्षं. तुलनेसाठी.

कात्री थांबली.
"म्हणजे छाट," ती म्हणाली.

कारखान्यात हजारातल्या काही विड्या बाजूला काढतात,
खराब म्हणून. मजुरी देत नाहीत.
विड्या मात्र ठेवून घेतात.

तसं नाही हो, मी म्हटलं,
आणि तसं कसं नाही ते बराच वेळ सांगत राहिले.
ती ऐकत राहिली, मला वाईट वाटू नये म्हणून.

तिसऱ्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात:
आपण कधीही माघार घेऊ शकता.
कारण सांगण्याची आवश्यकता नाही.

"पुन्हा वाचा."
वाचलं.
"कुठल्या कागदावर लिहितात होय असं?"
मग आत हाक: "तेलुगूत सांग गं."
मानसा ओल्या हातांनी आली, वाकून ओळ बघितली,
त्यांच्या भाषेत म्हणाली. दोनदा.
ते वाक्य तिकडं जरा लांब होतं,
किंवा ती त्यात काही घालत होती.

भिवंडीला फोन लागला. मागांच्या खडखडाटातून
बाप ओरडून विचारत होता, सुई टोचणार का?
पैसे किती भरायचे?
नाही. काहीच नाही. बरं, मग तू बघ.

"आधी हिची सही," राजमणी म्हणाली.
"परीक्षेला मी बसणार नाही."

फॉर्ममध्ये मुलीचा रकाना शेवटी आहे,
पालकांच्या खाली. मी काही बोलले नाही.
मानसानं पेन घेतलं.
फोटो काढण्यास: नाही.
आवाज नोंदवण्यास: हो.
मग थांबली. "मार्क आम्हाला कळणार, का तुमच्याकडंच राहणार?"
चारही पानं उलटली. कुठं नव्हतं.
समासात लिहून दिलं, कळवू,
खाली माझी सही. इतक्या घरांत पहिल्यांदा
माझीही सही कुणी मागितली.

राजमणीनं तंबाखूचे हात पदराला पुसले.
मी शाईचं पॅड काढून ठेवलं होतं.
तिनं ते मिटून परत दिलं
आणि जीभ दातांत धरून, सावकाश,
गोल गोल काहीतरी लिहिलं, रकान्याबाहेर जाईपर्यंत.

ऑफिसात विचारतात, पर्याय दोनच आहेत,
सही का अंगठा? ही नक्षी कसली?
नाव आहे, मी सांगते.
मला तेलुगू वाचता येत नाही.
पण नावाला एवढी अक्षरं लागत नाहीत,
हे मलाही दिसतं.