पान चारशे चौदा

सेंट जॉन्सच्या ग्रंथालयाच्या तळघराला खिडकी नाही.
नोरीन बाड आणून ठेवते, सहासष्ट सालचं,
मार्च ते जून, सभागृहाचं सगळं बोलणं,
आणि सांगते, पेन नको. पेन्सिल.

गाव शोधते आहे मी.
आधी बरोबर लिहून शोधलं: लॅम्ब्स टिकल.
सूचीत नाही.
मग चुकवून.
चुकवायलाही शिस्त लागते, ती हळूहळू येते अंगी:
लॅम टिकल, लँड्स टिकल, लॅम्प्स.
लॅम्प्स सापडलं. पान चारशे बारा.
सतरा घरांचे सतरा दिवे होते आमच्याकडे,
लघुलेखकाला ते दिसले असावेत,
नुसतं ऐकून.

टिकल म्हणजे दोन खडकांमधली चिंचोळी खाडी,
होडी आत घेताना वल्हं दोन्हीकडे घासायचं.
इंग्रजीत गुदगुल्यांनाही हाच शब्द.
एक सन्माननीय सदस्य उठले आणि म्हणाले,
अध्यक्ष महाराज, इथे कोण कोणाला करतंय?
कंसात: हशा.
पुढच्या ओळीत एकाहत्तर माणसं,
शाळा एक, डॉक्टर वर्षातून दोनदा, बर्फ नसेल तर,
डोईमागे अमुक डॉलर,
हलवणं स्वस्त.
कंसात काही नाही.

त्या वसंतात बाबा इथे आला होता.
अझरिया बंगी, लग्नातला कोट घालून,
किनाऱ्याच्या बोटीने तीन दिवस.
परत आला तेव्हा घसा बसलेला.
आईला एवढंच म्हणाला, बोललो मी.
नंतर नव्या गावात, दुसऱ्याच्या धक्क्यावर मासे साफ करताना,
कोणी काही विचारलं, नाही विचारलं,
बोललोय मी, म्हणायचा.
मी शाळेत सांगितलं, माझा बाबा सभागृहात बोलला.
मिस कीपिंग म्हणाल्या, तिथे बोलायला
निवडून यावं लागतं, उर्सुला.
मी घरी येऊन त्याला हे सांगितलं.
नसतं सांगितलं तर चाललं असतं.

वक्त्यांच्या सूचीत ब वर बोट फिरवते.
बंगी नाही. बुंगे नाही. बंजी नाही.
मी पानं एकेक करून वाचू लागते,
जसं जाळं तपासतात, गाठीगाठीने.
कोळंबीचा कर. शाळेच्या बसचं टेंडर.
एका पुलाला कोणाचं नाव द्यावं, यावर साडेतीन पानं.
आणि चारशे चौदाव्या पानावर, खालून सहावी ओळ:

(प्रेक्षक गॅलरीतून व्यत्यय.)

अध्यक्ष: गॅलरीने शांतता राखावी.
सन्माननीय सदस्य: तर मी म्हणत होतो की.

पेन्सिल आडवी ठेवून मोजते.
निम्म्या पेन्सिलीएवढा माझा बाबा.
गार्लंड म्हणतो, त्याने विचारलं होतं,
आमचं स्मशान कुठल्या होडीत घालू?
धाकटी म्हणते, छे, नुसती शिवी हासडली
आणि शिपायांनी काढला बाहेर.
आईला माहीत होतं. आई गेली.
मी तेव्हा चार वर्षांची, बंदरावर उभी,
बोट आली की हात हलवायचा, एवढंच शिकलेली.

पाऊण वाजता नोरीन दिवे निम्मे करते.
शनिवारी लवकर बंद.
सापडलं का?
सापडलं, म्हटलं, पण चुकीचं छापलंय.
ती खणातून गुलाबी चिठ्ठी काढते, दुरुस्तीची.
चार रकाने: पान, ओळ, छापील, हवे.
चारशे बारा. नऊ. लॅम्प्स. लॅम्ब्स.
ती सही करायला हात पुढे करते.

थांब, म्हणते मी. अजून एक आहे.
चारशे चौदा. खालून सहा. व्यत्यय.
चौथ्या रकान्यापाशी पेन्सिलीचं टोक मोडतं,
की मीच दाबते फार.
नोरीन घड्याळाकडे बघत नाही.
टेबलाला लावलेल्या यंत्रात पेन्सिल घालून
सावकाश दांडा फिरवते,
भुसा पडत राहतो,
आणि टोक फुंकून माझ्या हातात देते.