दुभाष्या

मी त्यांच्या एक पाऊल मागे उभा राहतो, डावीकडे,
जिथे दिवे जरा कमी असतात.
माझा माइक त्यांच्यापेक्षा हलका लावलेला असतो, मुद्दाम.
ब्रदर एल्रॉय इंग्रजीत बोलतात, मी मराठीत.
ते हात उंचावतात, मीही.
ते रडतात तेव्हा मी काय करायचं
हे कधी ठरलंच नाही;
मी बहुधा घसा खाकरतो.

गोरेगावचा हॉल. एसी इतका की पुढच्या रांगेतल्या बायका
कानावरून पदर घेऊन बसतात.
बाहेर त्यांची काळी गाडी, इंजिन चालूच,
आत ड्रायव्हर नथू; त्याला गाडी सोडायची मुभा नाही,
तारणसुद्धा त्याला काचेपलीकडून ऐकू येतं.
पडद्यावर ब्रदरांचा चेहरा, दोन मजली.
मिशी कोरताना राहिलेला एक केससुद्धा दिसतो.

आमच्या घरी शास्त्र होतं
किराणा दुकानाच्या खाकी कागदाचं कव्हर घातलेलं.
आई शब्बाथशाळेत शिकवायची, भायखळ्याच्या मागच्या गल्लीत:
बावीस पोरं, एक फळा,
आणि पेटीचा एक सूर मेलेला,
त्यामुळे प्रत्येक गीतात एक जागा मुकी जायची
आणि आम्हाला वाटायचं, चाल तशीच आहे.
टोली म्हणजे काय गं?
दमडीहून हलकी, ती म्हणायची. विधवेनं टाकली ना, ती.
पाळक शांतवन भालेराव चहा झाल्यावर
सगळ्यांचे कप स्वतः विसळायचे.
त्यांचा फोटो कुठेच नाही. चेहरा आता धड आठवत नाही.
हात आठवतात, ओले.

ब्रदर म्हणतात, सीड. मी म्हणतो, बी.
पाच हजारांचं बी पेरा, ते म्हणतात, शंभरपट उगवेल.
शंभरपट, मी म्हणतो.
दाखल्यातला तो पेरणारा तर
वाटेवर, खडकावर, काट्यांतसुद्धा उधळत निघाला होता,
मागे पावतीपुस्तक घेऊन कोणी चालत नव्हतं.
हे मी म्हणत नाही. मला त्याचे पैसे मिळत नाहीत.

त्या रविवारी दारातच सलोमीबाई कसब्यांनी गाठलं.
विक्रोळीला कॅन्टीनमध्ये भांडी घासतात, नवरा गेला दोन वर्षांपूर्वी.
हळूच विचारलं,
बांगडी तशीच चालते, की मोडून रोख आणू?
मी म्हणालो, चालते.

चालते, म्हणालो मी.

विधवांची घरं गिळणाऱ्यांवर
प्रभूनं कोरडे ओढले, आणि लगेच, पुढच्याच ओळींत,
ती बाई येते दोन टोल्या घेऊन.
लहानपणी या दोन गोष्टी आम्ही वेगवेगळ्या दिवशी शिकलो होतो.

मग ब्रदर पुढे झुकले, आवाज मखमली केला,
गॉड वॉन्ट्स यू रिच.
चारच शब्द. मी तोंड उघडलं
आणि त्यातला एक गेला,
पेटीच्या त्या सुरासारखा:

देवाला तुम्ही हवे आहात.

ब्रदर हालेलूयासाठी थांबले.
आला नाही. कोणीतरी खोकलं.
एसी ऐकू आला.
त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, कॅमेऱ्यासाठी हसले,
आणि त्यांना मराठी येत नाही हे किती बरं,
असं मला वाटलं, आणि लाजही वाटली त्याची.
तिसऱ्या रांगेत सलोमीबाईंनी पाकीट उलटं केलं,
पुन्हा सुलटं केलं.
लाल बादल्या फिरू लागल्या.
त्यांच्या रांगेशी बादली आली
तेव्हाच कॅमेऱ्याची क्रेन मध्ये आली.
मला दिसलं नाही.

संध्याकाळी मॅनेजरनं माझं पाकीट दिलं.
तसलंच, पांढरं, कोपऱ्यात ब्रदरांचा फोटो.
तीन हजार. मी मोजले, थँक्यू म्हणालो.
नथूनं विचारलं, आज काय सांगितलं हो आत?
मी सांगायला लागलो,
तेवढ्यात मागचं दार उघडलं, त्यानं काच वर केली.

पुढच्या महिन्यात वाशीला सभा आहे.
मला विचारलंय.
मी अजून नाही म्हणालेलो नाही.