यंदाचे पाच

तुमची वही काढली. निळ्या पुठ्ठ्याची, एकोणऐंशीपासूनची.
दर एकतीस डिसेंबरला पाच नावं,
समोर थिएटर, तिकिटाचा दर,
आणि क्वचित शेरा: शेवट घाईत उरकला.
मागच्या दोन वर्षांत अक्षर ओळ सोडून
उतरत गेलंय, मुंग्या पानाबाहेर जातात तसं.
काचबिंदू तिथंच दिसायला हवा होता आपल्याला.

"घे लिहून. मी सांगतो."
बघितले मी, आणि सांगणार तुम्ही?
तुम्ही हसलात. खारीसिंगचं साल
ओठाला चिकटलं होतं. मी काढलं नाही.

पाचवा मिठागराचा, गुजराती.
सून अख्खा वेळ दाताळं ओढते.
पांढरं, म्हणत होते मी. परत पांढरं.
आता जरा निळसर पांढरं.
तुम्ही म्हणालात, शू, पाय ऐक तिचे.
मीही डोळे मिटले, आणि खरंच,
मिठावर चालणं म्हणजे शेजारच्या खोलीत
कुणीतरी पापड मोडतंय.

चौथा विहिरी मोजणाऱ्याचा.
दांडिया बाजारातल्या हॉलमध्ये चौदा माणसं,
त्यांतली तीन आयोजक.
तो दोरी सोडतो, पाणी लागलं की थांबतो, आकडा मांडतो.
मागून घोरपडे म्हणाले, वहिनी, जरा हळू,
आम्हाला डोळे आहेत.
तुम्ही न वळता म्हणालात, मग वापरा.
सिनेमा मला आवडला नव्हता.
पण राहू दे चौथा.

तिसरा आपण पुरा पाहिलाच नाही.
ऑगस्टात विश्वामित्री चढली, मध्यंतरात दिवे लावून
घरी जा म्हणाले, काळ्या घोड्याचा पूल बंद होतोय,
कुणाच्या तरी अंगणात मगर आलीय.
दोन भाऊ, एक दुकान, आणि कुलपाला हात.
इथवरच.
मी म्हटलं, अर्धा कसा धरायचा?
"अर्धा सिनेमा कधी वाईट निघत नाही," तुम्ही म्हणालात.

दुसरा मॉलमधला, नातवानं नेलेला.
काय चाललंय, विचारलंत. मारतायत, म्हटलं.
आता? अजून मारतायत.
आता? थांबलेत. नाही, घाम पुसून परत मारतायत.
तुम्ही इतके हसलात की पुढच्या रांगेनं पॉपकॉर्न सांडलं.
"त्या 'अजून'साठी," म्हणालात, "दुसरा."
तिकीट तीनशे ऐंशी. दोनदा विचारून घेतलंत.

पहिल्यापाशी तुम्ही अडलाच नाहीत.
"तो परदेशी. फतेगंजचा. म्हातारीचा."
माझं पेन थांबलं.
त्या शनिवारी चष्मा फ्रिजवर राहिला होता,
पडद्याखालची अक्षरं म्हणजे सांडलेला रवा.
भाषा कुठली, अजूनही ठाऊक नाही.
दोन तास मी मनचंच सांगत होते.
ती भांडी घासत काही बोलायची,
मी म्हणायचे, ती म्हणतेय,
लग्नाच्या दुसऱ्या वर्षी एकदा
पिशवीत दोन पातळं घालून मी स्टेशनवर गेले.
बाकावर बसले. गाडी आली. गाडी गेली.
मग कोथिंबीर घेऊन घरी आले,
आणि नवरा म्हणाला, एवढा वेळ?

"संवाद कसले लिहिलेत," तुम्ही म्हणालात. "नाव काय त्याचं?"
आठवत नाही.
"जागा सोड."
मी जागा सोडली. तिकीट: मोफत.
शेऱ्यासाठी पेन टेकवून बसले.
तुम्ही बशीतले उरलेले दाणे चाचपत होतात.

"स्टेशनचं नाव नव्हतं ना त्यात?"
नव्हतं.
"प्रतापनगर असेल.
डभोईची छोटी गाडी तिथूनच सुटायची."
मी काहीच लिहिलं नाही.
"आणि कोथिंबीर पार कोमेजलेली होती,"
तुम्ही म्हणालात, "तेवढं लिही."