कणी

मंडईची रात्र. नाटकाचा दुसरा अंक संपत आलेला,
नायिकेचा बाप मरायला अजून अवकाश होता
तेव्हा माय म्हणाली, पाय आखडले,
आणि आम्ही मांडवातून उठलो.

बाहेर धान कापलेल्या बांध्यांवरून थंडी येत होती.
आकाशपाळणा बंद. फुगेवाला फुग्यांखालीच झोपलेला.
आंब्याजवळ एक नवी गाडी, तिच्या पाटीवर खडूनं
कोम ताम,
आणि लोकांनी विचारून विचारून बेजार केल्यावर
खाली, बारीक अक्षरांत:
तुटका भात, अंड्यासकट साठ रुपये.

गाडी हिवराज नागपुरेची.
तीन वर्षं तो सायगावला होता, भातगिरणीची यंत्रं बसवायला.
गावानं ऐकलं सायगाव, धरून चाललं
की असेल साकोलीच्या पलीकडं कुठं.
त्याची सासू तर पवनीच्या स्टँडवर
सायगावची एसटी विचारून आली होती.

त्यानं गंजावरचं झाकण उचललं.
चिन्नोरचा वास, वास तोच,
पण दाणे अर्धे, पाव,
काही नुसती टोकं.
माय वाकून बघत राहिली.
"हे तं कणी होय."
"कणीच होय, मावशी."
"कणीले साठ रुपये?
बिसेनच्या गिरणीत वीस वर्सं चाळन हालवली म्या.
मजुरी म्हून कणीच भेटे.
अर्धी कोंबड्यायले, अर्धी आमाले."

हिवराज हसला नाही. निखारा फुंकला.
गूळ, लसूण, गवती चहात मुरवलेले कोंबडीचे काप
जाळीवर टाकले; गूळ जळायला लागला
तशी झोपलेली दोन कुत्री उठून बसली.
तापल्या तेलात कांद्याची पात, एकच चर्रर्र,
आणि ती हिरवीगार असतानाच भातावर.
शेजारी आंबट मुळा. वर अंडं, कडा करपलेल्या,
मधला पिवळा अजून थरथरता.

मग त्यानं एका बाटलीचं बूच काढलं
आणि रांगेतला मास्तर दोन पावलं मागं सरला.
सायगावची बाटली कधीच संपली होती.
ही फुलवंता मारबतेची:
वैनगंगेचे बोटाएवढे मासे मिठात,
मडकं आठ महिने परसात पुरलेलं,
त्यापायी शेजारणीचा अबोला.
चार थेंब. लिंबू. मिरची.
पळसाची पत्रावळ हातात आली ती गरम,
खालून तळवा भाजत होता.

पहिला घास मी घेतला.
अख्ख्या भातावरून रस घरंगळतो, पानाच्या काठाला जाऊन बसतो.
ही कणी तसं काही होऊ देत नाही.
पिवळा फुटला, पाझरला,
आणि कुठं गेला ते दिसलं नाही, फक्त लागलं:
जळका गूळ, नदी, मीठ,
दाताखाली मुळ्याचा कडकडाट,
मग नाकात मिरची.
चश्म्यावर वाफ. मी पुसला नाही.

माय आधी नुसता भात खाऊन बघत होती,
जिभेवर ठेवून, टाळूला दाबून,
गिरणीत ओलावा बघावा तशी.
मग काप. मग अंडं. मग बोलणंच बंद.
पदराचं टोक पत्रावळीत पडलं तेही तिला कळलं नाही.

बोट फिरवून पान पुसल्यावर म्हणाली,
"मीठ बराबर हाय.
पानी जास्त झालं तुयं.
कणीले पानी एवढंच," आणि तिनं
तर्जनीचं पहिलं पेर अंगठ्यानं धरून दाखवलं.
हिवराजनं हात पुसला. स्वतःचं बोट तसंच धरलं.
"तिथं एक बाई होती, मावशी," तो सांगू लागला,
पण तेवढ्यात मांडवात पेटी रडायला लागली,
तबला थांबला, बायांनी पदर तोंडाला लावले असतील.

मी म्हटलं, माय, चल, बाप मरून रायला.

"मरू दे," माय म्हणाली,
"तो तं रोजच मरते."
आणि पत्रावळ पुढं केली.
"अंडा नोको. कणीच वाढ."